बॅटरी एका दिवसात का संपते?

कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून मोबाइलवर पाठवणारं यंत्र बनवणं आता मोठं काम राहिलेलं नाही. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप हौशी मंडळींच्या हाती पडली आणि वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारा चिपवरचा छोटा संगणक, एकदम आवाक्यात आला. २०१६ मध्ये ईएसपी३२ आली, तीत ब्लूटूथही आहे. सेन्सरच्या तीन वायरी जोडा, लायब्ररी म्हणजे आयता लिहिलेला कोड घ्या, छोटासा प्रोग्रॅम चढवा, की आकडे दिसू लागतात. (सेन्सर मात्र कपॅसिटिव्हच घ्या, म्हणजे ज्याचा धातू झाकलेला असतो तो. उघड्या धातूच्या दोन काड्यांचा प्रकार ओल्या मातीत विजेमुळे लवकर झिजतो.)

खरी परीक्षा यूएसबी केबल काढून बॅटरी लावली की सुरू होते.

वाय-फाय चालू असताना ईएसपी३२ साधारण १०० मिलिअँपिअर खाते. म्हणजे २००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी २० तासांत आडवी. शिवाय माहिती पाठवण्याच्या क्षणी ही भूक एकदम वाढते. म्हणून पुरवठा निदान ५०० मिलिअँपिअरचा हवा, असं कंपनीच सांगते. बारीक केबल किंवा थकलेली बॅटरी असली, की नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड (चिप बसवलेली पट्टी) रीसेट होतो, म्हणजे बंद पडून पुन्हा सुरू होतो. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या खिडकीत, ‘ब्राउनआउट’ (व्होल्टेज कमी पडलं) असा शब्द दिसला, तर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसू नका. बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या पिनांजवळ एक मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) लावून बघा.

बॅटरी टिकवायचा उपाय म्हणजे डीप स्लीप. या अवस्थेत प्रोसेसर आणि वाय-फाय बंद होतात, फक्त घड्याळ आणि थोडी मेमरी जागी राहते. चिपची गरज १० मायक्रोअँपिअरवर (०.०१ मिलिअँपिअर) येते. जाग आली की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, त्यामुळे जपून ठेवायचं ते या जाग्या राहणाऱ्या मेमरीत (आरटीसी मेमरी) टाकावं लागतं. ईएसपी८२६६ वापरत असाल तर जीपीआयओ१६ (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅममधून चालू-बंद करता येणारी पिन) आणि रीसेट या पिना वायरने जोडा. ती वायर राहिली तर बोर्ड झोपतो, पण उठत नाही.

आता हिशेब करू. दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जाग, तेवढ्यापुरते १०० मिलिअँपिअर. सरासरी निघते ०.५७ मिलिअँपिअर. तीच बॅटरी कागदावर पावणेपाच महिने पुरते.

कागदावरच! कारण बाजारातल्या बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर, म्हणजे चिपला ठरावीक व्होल्टेज देणारा भाग, असतो आणि तो नुसता बसल्या जागी ५ मिलिअँपिअरच्या आसपास गिळतो. चिप झोपलेली, रेग्युलेटर जागा. पावणेपाच महिन्यांचे पंधरा दिवस होतात. बोर्डावरचा लाल एलईडी वेगळाच. बॅटरीवर चालवायचं असेल तर बोर्ड निवडताना पिना किती यापेक्षा झोपेत पूर्ण बोर्ड किती करंट घेतो, हे आधी पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सेन्सरलाही कायम वीज नको. त्याची भूक थोडी असेल तर तो एखाद्या जीपीआयओ पिनेवरून चालवा, म्हणजे बोर्ड झोपताना तोही बंद करता येतो.

आणि माती काही दर १५ मिनिटांनी सुकत नाही. तासातून एकदाच उठवलं, तर रेग्युलेटर न धरता केलेला तो कागदावरचा हिशेब दीड वर्षावर जातो. एवढ्या काळात मात्र बॅटरीची स्वतःची गळतीही धरावी लागते.