लाल पारा : अणुबॉम्बच्या अफवेपासून शिलाई मशीनपर्यंत

‘जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, पायाने चालणारं शिलाई मशीन असेल तर लाखो रुपये देऊ,’ असे व्हिडिओ सोलापूरकरांच्या मोबाइलवरही येतात. या वस्तूंत म्हणे ‘लाल पारा’ दडलेला असतो. शाळेच्या गणवेशांच्या शिलाईवर कितीतरी घरं चालतात त्या शहरात असल्या आमिषाला गिऱ्हाईक मिळणं अवघड नाही, म्हणून ही अफवा आली कुठून ते सांगायला हवं.

तिचा जन्म शीतयुद्धातला. सोव्हिएत संघाने असा पदार्थ बनवलाय की मुठीत मावेल एवढा अणुबॉम्ब होईल, अशी कुजबुज होती. १९९१ मध्ये संघ फुटला, अणुसाहित्य चोरीला जाण्याची भीती पसरली आणि दलालांचं फावलं. विकायला आणलेल्या बाटल्यांत निघे तो साधा पारा, नाहीतर त्याचं एखादं लाल संयुग. पाऱ्याचं लाल संयुग म्हणजे आपला हिंगूळ. वैद्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते माझ्या मते लंडनच्या एका खटल्याने. २००४ मध्ये एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने वेष पालटून सापळा लावला आणि तिघांना अटक झाली. आरोप असा की ते दहशतवादासाठी लाल पारा मिळवायला निघाले होते. असा पदार्थच अस्तित्वात नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. तरीही खटला उभा राहिला. लाल पारा आहे की नाही हा प्रश्नच गैरलागू, अशी सरकारी पक्षाची भूमिका होती. हेतू हाच गुन्हा, हे कायद्याच्या चौकटीत बसतंही. पण भरकोर्टात ‘नाही’ असं ठणकावून न सांगितल्याने ठगांना आयती साक्ष मिळाली: एवढा खटला चालला, म्हणजे काहीतरी असणारच! २००६ मध्ये तिघेही निर्दोष सुटले. ती बातमी मात्र अफवेइतकी लांब गेली नाही.

२००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर मशीनची पाळी आली. सुईजवळ मोबाइल धरायचा, कॉल तुटला की आत लाल पारा आहे असं समजायचं. त्यावर एकेका मशीनला दोन लाख रियालपर्यंत भाव सांगितला गेला. २०१३ मध्ये झिम्बाब्वेत एका वैदूच्या घरी स्फोट होऊन माणसं मेली. सुरुंगातून लाल पारा काढायला गेले असावेत, असं तेव्हा बोललं गेलं.

आपल्याकडे आता रेडिओ आणि जुने टीव्ही फोडले जातात. रेडिओतला व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बंद नळी; तिच्या काचेला आतून दिसणारा चकचकीत डाग लाल पाऱ्याचा नव्हे, तर बहुधा बेरियम या धातूचा असतो, आत उरलेली हवा शोषून घ्यायला लावलेला. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये मात्र बंद केल्यावरही जबर विद्युतभार राहू शकतो आणि तिच्या काचेत शिसं असतं. ती हातोडीने फोडू नका, आणि मशीनसाठी ‘आधी तपासणी फी भरा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.