क्युबन आणि नॉन-क्युबन : एका वाटणीची पार्श्वभूमी

सिगारचे दुकान मुंबईतले असो वा दुबईतले, कपाटाची पहिली वाटणी ठरलेली असते. एका बाजूला क्युबन, दुसऱ्या बाजूला नॉन-क्युबन. निकाराग्वा, डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, एक्वादोर, मेक्सिको, इंडोनेशिया, कॅमेरून इथल्या तंबाखूचा एकमेकींशी मेळ असो वा नसो, सगळी रवानगी त्या एका ‘नॉन’मध्ये होते. ही वाटणी जिभेने केलेली नाही. ती झाली १९६० ते १९६२ या काळात, आणि तिच्यात मातीइतकाच वाटा जप्ती, बंदी आणि न्यायालयीन निकालांचा आहे. कोणता सिगार सरस या वादात हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, म्हणून इथे तोच सविस्तर मांडला आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आवरता येतो. स्पेनच्या राजवटीने १७१७ मध्ये क्युबातल्या तंबाखूवर सरकारी मक्तेदारी लादली, शेतकऱ्यांनी बंड केले, ते मोडून काढण्यात आले आणि मक्तेदारी पूर्ण शंभर वर्षांनी, १८१७ मध्ये उठली. खासगी कारखान्यांचे युग त्यानंतरचे. एच. उपमान १८४४, पार्तागास १८४५, ओयो दे मोंतेरेय १८६५, रोमिओ इ हुलिएता १८७५ : आज ज्या नावांवर भांडणे होतात ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातली आहेत. मोंटेक्रिस्टो त्या मानाने तरुण, १९३५चे. पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ प्रांतातला व्हुएल्ता आबाखो हा पट्टा, आणि त्यातही सान लुईस व सान हुआन इ मार्तीनेस ही गावे, उत्तम पानासाठी तेव्हाच नावाजलेली होती. १८८६ पासून फ्लोरिडात टॅम्पाजवळच्या यबोर सिटीत क्युबातून आणलेल्या पानाचे सिगार वळले जात होते. म्हणजे पान क्युबाचे आणि वळणारे हात अमेरिकेतले, हा प्रकार बंदीच्या कितीतरी आधीचा आहे.

१५ सप्टेंबर १९६० रोजी फिदेल कास्त्रोच्या क्रांती सरकारने हवानातले आघाडीचे सिगार कारखाने ताब्यात घेतले. मालकांच्या जागी सरकारी प्रशासक आले. कारखान्यात दुसऱ्या दिवशीही तेच कामगार होते, तेच पान, तीच लेबले. न्यूयॉर्क-लंडनच्या आयातदारांना माल जात राहिला, डब्यांवरची नावेही तीच राहिली. बदलले एवढेच की विक्रीचा पैसा आता सरकारकडे जमा होणार होता. बहुतेक मालक तोवर अमेरिकेत पोहोचले होते. त्यांनी तिथे दावे ठोकले : नावे आमची, उधारी आमची, पैसे आम्हाला द्या.

या खटल्यांचा गुंता समजून घेण्याजोगा आहे, कारण आजचे कपाट त्यातूनच घडले. अमेरिकी न्यायालयांनी एक रेघ ओढली. क्युबाच्या हद्दीत जी मालमत्ता होती तिची जप्ती त्यांनी मान्य केली. परक्या सरकारने आपल्या देशात आपल्या नागरिकांबाबत केलेल्या कृतीची वैधता आम्ही तपासणार नाही, ही त्यांची जुनी भूमिका. त्यामुळे जप्तीनंतर पाठवलेल्या मालाचे पैसे क्युबाच्या प्रशासकांना मिळायला हवेत, असे ठरले. पण जप्तीच्या दिवशी जी मालमत्ता अमेरिकेत होती तिच्यापर्यंत क्युबाच्या हुकुमाचा हात पोहोचू शकत नव्हता. जप्तीआधी पाठवलेल्या मालाची येणी जुन्या मालकांची ठरली आणि अमेरिकेत नोंदवलेली ब्रँडची नावेही त्यांचीच राहिली.

पंचाईत आयातदारांची झाली. त्यांनी जप्तीआधीच्या मालाची बिलेही भाबडेपणाने हवानाच्या नव्या प्रशासकांना चुकती केली होती. आता तेच पैसे जुन्या मालकांना पुन्हा मोजायचे होते. हवानाने चुकून आलेली रक्कम परत करायला नकार दिला. एका आयातदाराचा हा हिशोब अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने त्याच्या बाजूने निकाल लागला. सिगारच्या उधारीवरचा हा खटला आज आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो.

परिणाम असा : अमेरिकेबाहेरच्या बहुतेक बाजारांत मोंटेक्रिस्टो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता ही नावे क्युबाच्या सरकारी व्यवस्थेकडे गेली. अमेरिकेत ती जुन्या मालकांकडे किंवा त्यांनी ज्यांना विकली त्यांच्याकडे राहिली. म्हणून एकाच नावाचे दोन सिगार जगात आहेत. एक पूर्णपणे क्युबन, दुसरा बहुतेकदा डॉमिनिकन. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही अस्सल आहेत आणि चवीत त्यांचा काडीचा संबंध नाही. ‘डॉमिनिकन मोंटेक्रिस्टो म्हणजे नक्कल’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे आणि ज्या कुटुंबांच्या हातून कारखाने गेले त्यांच्यावर अन्याय करणारेही आहे.

जप्तीपाठोपाठ बंदी आली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ३ फेब्रुवारी १९६२ रोजी हुकूम काढला आणि ७ तारखेपासून क्युबन मालाची आयात थांबली. अध्यक्ष स्वतः क्युबन सिगारचे शौकीन होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या प्रसिद्धी सचिवाला हजारेक पेटिट उपमान गोळा करायला सांगितले, सकाळी १,२०० मिळाल्याचे कळताच कागदावर सही केली, ही हकीकत त्या सचिवानेच पुढे जाहीरपणे सांगितली आहे. लोक ती चवीने सांगतात. बंदीतले एक कलम मात्र त्याहून महत्त्वाचे होते आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. क्युबात पिकलेले पान दुसऱ्या कोणत्याही देशात वळले तरी त्या सिगारला अमेरिकेचा दरवाजा बंद होता. गोदामांत आधीच साठवलेले क्युबन पान काही वर्षे पुरले. ते संपल्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या बाजाराला क्युबाशिवाय सिगार बनवायला शिकावेच लागले.

शिकवणारे अर्थात क्युबनच होते. देश सोडून गेलेली कुटुंबे होंडुरासमधल्या हामास्त्रानच्या खोऱ्यात, निकाराग्वातल्या एस्तेली-हालापात, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सांतियागोच्या आसपास, काही जमैका आणि कॅनरी बेटांवर स्थिरावली. मोंटेक्रिस्टोच्या जुन्या मालकांनी कॅनरी बेटांवर मोंतेक्रुझ नावाचा सिगार काढला. क्युबन बी आणि सिगार वळण्याची क्युबन रीत या लोकांबरोबर सगळीकडे गेली. पण देवगडच्या हापूसचे कलम दुसरीकडे लावले की झाड हापूसचेच येते आणि फळ मात्र त्या मातीचे होते, तसे इथे झाले. डब्यावर ‘क्युबन बी’ असे अभिमानाने छापणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. हालापाच्या तांबूस मातीतले पान गोडसर आणि गंधाला मऊ निघाले, एस्तेलीच्या काळ्या ज्वालामुखी मातीतले तिखट आणि जोरकस, सांतियागोजवळचे सौम्य. यातली एकही चव व्हुएल्ता आबाखोची नाही.

इथून पुढे सिगार बनवण्याचे दोन मार्ग पडले, आणि तुलना करायची तर ती या दोन मार्गांची करावी. क्युबन सिगारातली सगळी पाने क्युबातलीच असतात : बाहेरचे आवरण, आतले बांधणीचे पान आणि पोटातली भरणी. विविधता आणायची ती झाडाच्या उंचीतून आणि शेताशेतातून. खालचे पान व्होलादो, ते चांगले जळते. मधले सेको, त्यात सुगंध. वरचे लिखेरो, ऊन खाऊन जाड झालेले, जोरदार आणि सावकाश जळणारे. आवरणाचे पान वेगळ्या शेतात, पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ते पातळ, एकरंगी आणि गुळगुळीत राहते. निर्वासितांना ही चैन परवडणारी नव्हती. एका देशात सगळी पाने मिळत नव्हती, म्हणून त्यांनी कॅमेरूनचे किंवा अमेरिकेतल्या कनेक्टिकटचे आवरण, मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातले किंवा इंडोनेशियाचे बांधणीचे पान आणि दोन-तीन देशांची भरणी असा मेळ घालायला सुरुवात केली. एक्वादोरच्या कायम ढगाळ हवेत कापडाच्या मांडवाशिवायच उत्तम आवरण पिकते, हे कळल्यावर तर नवे दालनच उघडले. गरजेपोटी सुरू झालेला हा मेळ आज स्वतंत्र कला झाला आहे. डॉमिनिकन मातीत आवरणाचे पान होणारच नाही असे व्यापारात छातीठोकपणे सांगितले जात होते, तेव्हा १९९५ मध्ये ओपस एक्स हा संपूर्ण डॉमिनिकन सिगार बाजारात आला आणि तो समजही मोडला.

एका व्यवहारी फरकाकडे तुलना करणारे हमखास दुर्लक्ष करतात. निकाराग्वा-डॉमिनिकनचे चांगले कारखाने वळलेले सिगार देवदाराच्या खोल्यांत कित्येक महिने मुरवून मगच बाहेर काढतात. क्युबन डबे बऱ्याचदा कोवळे असतानाच बाजारात येतात आणि मुरवण्याचे काम घेणाऱ्यावर पडते. आज घेतलेले दोन सिगार आजच शेजारी शेजारी ओढून निकाल देणे म्हणजे एकाला तयारीला वेळ देऊन दुसऱ्याला न देता शर्यत लावणे आहे.

क्युबाची बाजू पुढच्या दशकांत सोपी राहिली नाही. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीने जवळजवळ सगळे पीक खाल्ले. सान लुईसच्या एल कोरोखो शेतात पैदा झालेले आणि त्या शेताचेच नाव लागलेले आवरणाचे जुने वाण रोगाला बळी पडते म्हणून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्युबाने सोडून दिले आणि संकरित वाणे लावली. १९८९ मध्ये जिनिव्हाच्या ज्या घराण्याच्या नावाने क्युबा सिगार बनवत होते, त्या डेव्हिडॉफने दर्जावरून भांडण काढून लाखाहून जास्त सिगार जाळून टाकले आणि उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हलवले. जगातले सर्वांत प्रतिष्ठित क्युबन गिऱ्हाईकच उठून गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खत, इंधन, कापड सगळ्याची टंचाई झाली. त्यातच अमेरिकेत सिगारची लाट आली, निर्यातीची उद्दिष्टे फुगवली गेली, नवशिक्या हातांनी वळलेले सिगार बाहेर पडले. धूर ओढला जाईना इतके घट्ट वळलेले सिगार ही शतक बदलतानाच्या क्युबन डब्यांची कायमची तक्रार होती. दोष मातीचा नव्हता, शेतकऱ्याचाही नव्हता. घाई वरून आलेली होती.

तरी नावाचे वजन कमी झाले नाही, आणि त्याचे मोठे कारण बंदी हेच आहे. जे मिळत नाही त्याचा भाव चढतो. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिका-क्युबा संबंध सैल झाले, ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रवाशांनी घरी आणायच्या क्युबन सिगारवरची किमतीची मर्यादाही गेली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये क्युबन तंबाखू घरी आणायला पुन्हा मनाई झाली. एव्हाना क्युबाची नजर चीनकडे वळली होती. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या क्युबन ब्रँडच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेल्या गेल्या. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला इयन चक्रीवादळाने पिनार देल रिओत पाने वाळवण्याची बहुतेक घरे आडवी केली. माल कमी, भाव चढे, आणि तरीही सरकारी भागीदारीतल्या कंपनीची विक्री २०२४ मध्ये ८२.७ कोटी डॉलरवर गेली. युरोपातला रोजचा क्युबन ओढणारा या काळात निकाराग्वाकडे सरकला. तिकडे अमेरिका २०२१ पासून वर्षाला ४० कोटींहून जास्त हातवळणीचे सिगार आयात करत आहे आणि त्यातला मोठा वाटा एकट्या निकाराग्वाचा आहे.

नावांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात कोहिबाचे प्रकरण इतरांसारखे नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. कोहिबा कोणाकडून जप्त केलेला नाही. तो क्रांतीनंतर, १९६०च्या दशकात, आधी राज्यकर्त्यांसाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून वळला गेला. खुल्या बाजारात तो १९८२ मध्ये आला. त्याच्या एक वर्ष आधी, १९८१ मध्ये, एका अमेरिकी कंपनीने हेच नाव अमेरिकेत आपल्या नावे नोंदवून घेतले होते. तिच्या डॉमिनिकन कोहिबाच्या पट्टीवर ‘ओ’ अक्षरात लाल ठिपका असतो, क्युबन पट्टीवर काळ्या पट्ट्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. क्युबाने १९९७ पासून झगडा दिला, २००४ मध्ये जिंकला, २००५ मध्ये अपिलात हरला, कारण बंदी असताना क्युबाला अमेरिकेत मालमत्ता मिळू शकत नाही असे ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क अपील मंडळाने १९२९च्या एका आंतर-अमेरिकी कराराच्या आधारे अमेरिकी नोंदणी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. जुन्या नावांच्या बाबतीत निर्वासित मालकांची बाजू भक्कम वाटते. कोहिबाच्या बाबतीत मात्र क्युबाचा दावा खरा आहे, बंदी असो वा नसो.

अमेरिकेच्या कायदेमंडळाने १९९८ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये आणखी कडक करून, क्युबाने जप्त केलेल्या उद्योगांच्या नावांना मूळ मालकाच्या संमतीशिवाय संरक्षण देण्यास मनाई केली. हे कायदे घडले ते मुख्यतः एका रमच्या नावावरून, पण पार्तागास, उपमान आणि मोंटेक्रिस्टो त्यांच्या कक्षेत येतात. उद्या बंदी उठली तरी ही नावे घेऊन हवानाला अमेरिकेत दुकान मांडता येणार नाही. कोहिबा मात्र या कायद्यांच्या कक्षेत येत नाही, कारण तो कोणाकडून हिसकावलेला नाही.