शरीररचनेच्या ऐतिहासिक चित्रांच्या हस्तचित्रित प्रतिकृती

शरीररचनेची जुनी चित्रे समोर ठेवून ती कुंचला, लेखणी आणि रंगांनी हाताने पुन्हा काढण्याची प्रथा, तसेच या रीतीने तयार झालेली चित्रे. मूळ चित्र हस्तलिखितातले असेल, छापील ग्रंथातले असेल किंवा भिंतीवरचे तैलचित्रही असेल. अशा प्रती आज प्रामुख्याने अभ्यासासाठी आणि प्रदर्शनासाठी काढल्या जातात. एके काळी मात्र शरीराविषयीचे ज्ञान एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे, ते बऱ्याच अंशी नकलकाराच्या हातूनच.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणमध्ये मन्सूर इब्न इल्यास याने शरीररचनेवर फारसी ग्रंथ लिहिला. त्यातली हाडे, नसा, स्नायू आणि रक्तवाहिन्या दाखवणारी, उकिडवी बसलेली माणसे पुढची काही शतके हातानेच उतरवली जात राहिली. छपाई आली तरी नक्कल थांबली नाही. शरीररचनातज्ज्ञ आंद्रेआस व्हेसेलियसचा ग्रंथ १५४३ मध्ये बाझेल येथे छापला गेला आणि १५५६ मध्ये हुआन व्हाल्व्हेर्दे या दुसऱ्या शरीररचनातज्ज्ञाच्या ग्रंथात त्यातली बहुतेक चित्रे ताम्रपटांवर (छपाईसाठी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर) उतरलेली दिसली. व्हेसेलियसला ते अजिबात रुचले नाही. जपानमध्ये ओदानो नाओताके या चित्रकाराने डच ग्रंथांतील ताम्रपट-चित्रे कुंचल्याने उतरवली, ती लाकडावर कोरली गेली आणि १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ या ग्रंथात छापली गेली. बारीक आडव्या-उभ्या रेघांनी दाखवलेली छाया कुंचल्याला कशी झेपणार, या अडचणीतून त्याने काढलेली वाट चित्रकाराने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे.

हाताच्या नकलेचे मोल सर्वांत ठळकपणे दिसते ते तिबेटी वैद्यक-थांकांमध्ये, म्हणजे वैद्यकाविषयीच्या कापडी पटचित्रांमध्ये. पाचव्या दलाई लामांचा राज्यप्रतिनिधी देसी सांग्ये ग्यात्सो याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ‘नील वैडूर्य’ या वैद्यकभाष्यासाठी ७९ थांकांची मालिका करवून घेतली. तीत शरीररचनेबरोबर गर्भाची वाढ, नाडीपरीक्षा, औषधी वनस्पती आणि आहारविहारही आहे. ही विद्या जिथे शिकवली जात असे ते ल्हासामधील चाग्पोरी हे वैद्यक-विद्यालय १९५९ मध्ये उद्ध्वस्त झाले. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या मालिकेची एक नक्कल रशियातील बुर्यात प्रदेशात, अत्सागात येथील विहारात पोहोचली होती. सोव्हिएत राजवटीच्या धर्मविरोधी मोहिमांच्या काळातून वाचलेली ती चित्रे आज उलान-उदे येथील संग्रहालयात आहेत. थांका रंगवणाऱ्याला प्रमाणबद्धतेचे नियम गुरूकडून मिळतात. स्वतःची छाप पाडणे हा त्याचा हेतूच नसतो. अशा परंपरेत नक्कल दुय्यम मानली जात नाही आणि आपणही ती तशी मानू नये.

युरोपात आणखी एक प्रकार रुजला: काळ्या शाईत छापलेल्या चित्रावर हाताने रंग भरण्याचा. इटालियन शरीररचनातज्ज्ञ पाओलो मास्कान्यीच्या मृत्यूनंतर, १८२३ ते १८३२ या काळात, पिसा येथे प्रसिद्ध झालेल्या चित्रसंग्रहातले कागद जोडले की पुऱ्या उंचीचा माणूस उभा राहतो; त्याच्या हाताने रंगवलेल्या प्रती विशेष देखण्या आहेत. फ्रान्समधील डॉक्टर बूर्झरी आणि चित्रकार झाकोब यांच्या शिळाछाप चित्रांच्याही साध्या आणि रंगीत अशा दोन्ही प्रती निघत.

प्रत काढण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे मूळ चित्रावर आणि कोऱ्या कागदावर सारख्या प्रमाणात चौकटी आखणे. लायडनमध्ये शरीररचनातज्ज्ञ आल्बिनससाठी चित्रे काढणारा यान वान्डेलार तर प्रत्यक्ष सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या जाळ्या टांगून मापे धरत असे. रेखांकन जमले तरी खरी कसोटी पुढे असते. कोरीव चित्रातला गोलवा रेषांच्या दाटीतून येतो. तो रंगात आणायचा तर स्नायूचा तंतू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे माहीत असावे लागते. नाहीतर मांडीचा स्नायू कापडाच्या घडीसारखा दिसतो. रंगांची निवडही विचारपूर्वक करावी लागते. हिंगूळ (पाऱ्यापासून केलेला लाल रंग) उजेडात काळवंडू शकतो आणि काही जुने लाखी तांबडे (कीटक किंवा वनस्पतींपासून केलेले लाल रंग) उडून जातात. आज दिसणारा फिका रंग उतरवायचा की चित्र नवे असताना असेल तो, हे आधीच ठरवावे आणि प्रतीच्या नोंदीत लिहावे.

सर्वांत अवघड प्रश्न चुकांचा आहे. लिओनार्दो दा व्हिंचीच्या गर्भाशयातील अर्भकाच्या प्रसिद्ध रेखाचित्रात (सुमारे १५११) वारेची (गर्भाचे पोषण करणाऱ्या अवयवाची) रचना गायीच्या वारेसारखी, अनेक गाठींची दाखवलेली आहे. मानवी वार एकसंध, तबकडीसारखी असते. जाणता नकलकार ही चूक दुरुस्त करत नाही, कारण त्या काळी माहिती कुठून मिळत होती याचा तीच पुरावा आहे. मात्र आजच्या विद्यार्थ्यांपुढे प्रत ठेवताना तिच्याखाली खुलासा हवाच.

या चित्रांमागे खऱ्या माणसांची शरीरे होती, हेही विसरता येत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३२ मधील चित्रात डॉ. टुल्प ज्याचा हात उलगडून दाखवतात, तो आरिस किंट चोरीसाठी फाशी गेला होता. प्रतीच्या नोंदीत डॉक्टर आणि चित्रकार यांच्याबरोबर त्याचेही नाव असावे.

जुन्या चित्रांवरचे स्वामित्वहक्क संपलेले असतात. अडचण येते ती प्रत मूळ म्हणून खपवली जाण्याची. म्हणून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्याला मूळ चित्राहून वेगळ्या आकाराचा कॅनव्हास घ्यावा लागतो आणि मूळ चित्रकाराची सही उतरवण्याची परवानगी नसते.