गौताळ्याचा चॅरिटी जंगल ट्रेक: अर्ज कुठं अडकतो, कोणते कागद खरंच लागतात

दरवर्षी तेच व्हायलंय. पोरं दोन-दोन महिने पळायचा सराव करतात, बूट घेतात, ऑफिसात सुट्टी टाकतात आणि मग मेसेज येतो की अर्ज नामंजूर. मी आयोजक संस्थेकडं आलेले अर्ज तपासायला मदत करते, म्हणून सांगते, तब्येतीमुळं नाकारलेले फार थोडे असतात. बाकीचे सगळे कागदांवर अडकतात, आणि तेही त्याच त्याच तीन-चार कागदांवर. म्हणून हे लिहायला घेतलं. ट्रेकला आलेला एक माणूस म्हणजे नुसता एक पर्यटक नाही, त्याच्यामागं उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्यासाठी जमणारे पैसे असतात, आणि ते एका तारखेपायी जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

आधी थोडक्यात हा प्रकार काय ते. गौताळा औट्रामघाट अभयारण्य १९८६ ला जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटर, जास्त भाग आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडकडं आणि बाकीचा खाली जळगाव जिल्ह्यात चाळीसगावकडं. सातमाळ्याचे डोंगर, कोरडं पानझडी जंगल, त्यात बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, रोही. २०२१ मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत इथपर्यंत आला, म्हणजे हे जंगल अजून जिवंत आहे हे त्यानंच दाखवलं. ट्रेक दोन दिवसांचा असतो, घाट चढायचे-उतरायचे, पाठीवर स्वतःचं सामान, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय. प्रत्येकानं ठरलेली रक्कम लोकांकडून जमवून द्यायची आणि तो निधी उन्हाळ्यातल्या पाणवठ्यांसाठी, वणवा पसरू नये म्हणून काढायच्या जाळरेषांसाठी, हंगामी अग्निरक्षकांच्या साहित्यासाठी जातो. बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसायचा वनविभागाचा निसर्गानुभव कार्यक्रम असतो तो वेगळा, त्याचा अर्ज वेगळा. लोक तिकडची पावती इकडं जोडतात, तिचा इथं काही उपयोग नाही.

पात्रता साधी आहे. अठरा पूर्ण, दिवसभर चढउतार झेपली पाहिजे, डॉक्टरनं तसं लिहून दिलं पाहिजे. सोळा ते अठरावाल्यांना आई किंवा वडील सोबत असतील तरच घेतात. इथं एक सांगून ठेवते, संमतीपत्रावर सही आई-वडिलांचीच लागते. मामा, काका, क्लासचे सर कितीही जबाबदार असले तरी त्यांची सही चालत नाही, आणि ऐनवेळी गावाकडून सही मागवताना पोरांचे डोळे भरून येतात ते बघवत नाही.

आता तारखा. सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. अर्जाची शेवटची तारीख एक असते आणि निधी जमा दाखवायची तारीख दुसरी, आणि तिसरी तारीख असते ती नावांची यादी वनविभागाकडं जायची. लोक फक्त पहिली बघतात. फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजून निधी ट्रेकच्या आठवड्यात देऊ म्हणतात. पण यादी एकदा गेली की गेली, नंतर त्यात नाव घुसडता येत नाही, कारण परवाना त्या यादीवरच निघतो आणि नाक्यावरचा वनरक्षक त्याच यादीवरून एकेक नाव बघून आत सोडतो. ट्रेक जानेवारीतच का, पुढं का ढकलत नाहीत असंही विचारतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्यात सगळा स्टाफ आगीच्या मागं असतो, तेव्हा शे-दीडशे लोकांना आत कोण सांभाळणार. म्हणून तारीख हलत नाही, आणि हलावी असं मलाही वाटत नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्राचं जरा सविस्तर सांगते, कारण जे सगळ्यात उत्साही असतात तेच इथं मार खातात. नियम असा लिहिलेला असतो की प्रमाणपत्र ट्रेक सुरू व्हायच्या आधीच्या तीस दिवसांतलं हवं. ट्रेकच्या आधीच्या, अर्जाच्या आधीच्या नाही. पण लोक काय करतात, ऑक्टोबरात फॉर्म दिसला की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं जाऊन सर्टिफिकेट आणतात, अपलोड करतात, आणि जानेवारी येईपर्यंत ते शिळं झालेलं असतं. अर्ज भरताना तिथं फक्त स्वतःची आरोग्य माहिती भरायची, डॉक्टरचा कागद नंतर द्यायची सोय असते, ती जागा रिकामी सोडली तर अर्ज बाद होत नाही. दुसरं, पोलीस भरतीसाठी काढलेलं फिटनेस सर्टिफिकेट लावतात. सोळाशे मीटर पळणं आणि दोन दिवस ओझं घेऊन डोंगर चढणं यात फरक आहे, आणि त्या कागदावर उद्देशच भरतीचा लिहिलेला असतो, त्यामुळं तो परत येतो. आयोजकांचा ठरलेला नमुना असतो, तोच प्रिंट काढून न्या, त्यात बीपी, शुगर, दमा, हृदय, ॲलर्जी, रक्तगट अशा रांगा आहेत, डॉक्टरनं प्रत्येक रांग भरून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक टाकायचा. शिक्का असतो पण नोंदणी क्रमांक पुसट असतो, हे तर नेहमीचंच. तिथंच डॉक्टरांना हातानं नंबर लिहायला सांगा, कोणी नाही म्हणत नाही. पंचेचाळीसच्या वरच्यांना ईसीजी जोडावा लागतो, तो ग्रामीण रुग्णालयात विचारा, नाहीतर संभाजीनगरला घाटीत म्हणजे सरकारी दवाखान्यात, खाजगीतच काढला पाहिजे असं काही नाही. रक्तगट माहीत नसलेले खूप असतात, अंदाजानं लिहू नका, तपासून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. गोळ्या चालू असतील तर लपवू नका. बीपीची गोळी लिहिली म्हणून अर्ज नाकारतात अशी अफवा कुठून पसरली माहीत नाही, पण ती खोटी आहे. बीपी आटोक्यात असेल आणि डॉक्टरनं तसं लिहिलं असेल तर घेतात. शुगरवाले पण घेतात, फक्त सोबतच्या टीमला माहीत असायला पाहिजे की याला वेळेवर खायला लागतं. जंगलात आत गाडी येत नाही, तिथून माणूस खाली आणायचा म्हणजे डोलीवर उचलून आणायचा. लपवलेली गोळी कागदावर कुणाला दिसत नाही, पण दुपारच्या चढावर तोच माणूस बसतो तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

ओळखपत्रात आधार चालतं, पण अर्जातलं नाव आधारवर आहे तसंच्या तसं. लग्नानंतर बायांचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असतं, त्यासाठी आधार बदलत बसायची गरज नाही, आधारवर जे आहे तेच अर्जात टाका, एवढंच. पत्त्यात औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलंय म्हणून घाबरून अपडेट करायला धावतात, त्याचीही गरज नाही, जिल्ह्यांची नावं २०२३ ला बदलली म्हणून जुनं आधार काही रद्द झालेलं नाही. हमीपत्र साध्या कागदावर सही करून द्यायचं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा स्टॅम्प झालाय, आणि तहसीलसमोर बसलेले लोक बिनदिक्कत सांगतात की स्टॅम्प लागतोच. नाही लागत. ते पाचशे रुपये निधीत टाका.

आता पैसे. इथं अर्ज तर अडकतोच, पण कायद्यातही माणूस अडकू शकतो, म्हणून नीट वाचा. पहिली गोष्ट, सहभाग शुल्क आणि निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्कात तुमचं जेवण, गाडी, विमा, तंबू येतं, ती देणगी नाही, त्याच्यावर ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत देणारी पावती मिळत नाही, मागून भांडू नका. निधी म्हणजे दुसऱ्यांनी दिलेली देणगी. दुसरी गोष्ट, निधी स्वतःच्या फोनपेवर घेऊन नंतर एकत्र भरायचा नाही. गावात गणपतीला पट्टी जमवतो तसं आपल्या क्यूआरवर पैसे घेतले तर चालतं असं वाटतं, पण गणपती मंडळालाही त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी काढावी लागते. नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर हाच नियम. म्हणून देणाऱ्यानं थेट आयोजक ट्रस्टच्या खात्यात टाकायचे आणि सोबत तुमचा नोंदणी क्रमांक लिहायचा. तो क्रमांक विसरले की पैसे येतात पण कुणाच्या नावावर धरायचे ते कळत नाही, आणि मग तुमची रक्कम अपुरी दिसते, यादीतून नाव जातं. स्क्रीनशॉट जपून ठेवा, व्यवहार क्रमांक दिसेल असा.

ज्यांना करसवलत हवीय त्यांनी रोख देऊ नये. दोन हजारांच्या वर रोख दिली तर ८०जी मिळत नाही, आणि देणाऱ्याचा पॅन किंवा आधार क्रमांक ट्रस्टकडं असला पाहिजे, नाहीतर त्याचं नाव ट्रस्टच्या विवरणात जात नाही आणि प्रमाणपत्र निघत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत मुळातच नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा, उगाच तुमच्यावर राग नको. वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीतले मित्र म्हणतात कंपनीकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी मिळवून देतो, चांगलंच आहे, पण तो घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी ट्रस्टची आहे का ते आधी विचारा, ती नसेल तर कंपनीला देताच येत नाही.

परदेशातल्या नातेवाईकांचं तर वेगळंच प्रकरण आहे. भाऊ अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारताचा आहे, तर तो आपल्या खात्यातून देऊ शकतो. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी परदेशी धरली जाते, मग त्याच्याकडं मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला ट्रस्टकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. बहुतेक छोट्या ट्रस्टकडं ही नोंदणी नसते. त्यामुळं काकांनी प्रेमानं पाठवलेली रक्कम परत करावी लागते, आणि ज्यानं त्याच रकमेवर भरवसा ठेवला त्याचा निधी शेवटच्या दिवशी अर्धा राहतो. आधी पासपोर्ट कुठला ते विचारा, विचारायला लाज कसली.

काही मंडळी मला विचारतात की आम्ही आमच्या तालुक्यातून असाच ट्रेक काढायचा तर. काढा की, येडशी रामलिंग घाट आहे, नायगावचं मयूर अभयारण्य आहे, सगळ्यांना पैशांची गरज आहे. पण अर्ज कुठं द्यायचा ते आधी बघा. वनविभागात प्रादेशिक विभाग वेगळा आणि वन्यजीव विभाग वेगळा. अभयारण्याचा अर्ज वन्यजीवकडं जातो, आणि लोक जवळचं ऑफिस दिसलं म्हणून प्रादेशिककडं देऊन येतात. तिथं आवक शिक्का पण मिळतो, माणूस निवांत होतो, आणि महिन्यानं कळतं की तो कागद टेबलावरच आहे. इथं मला खरंच राग येतो. शिक्का मारणाऱ्यानं एक वाक्य सांगितलं असतं की बाबा हे आमच्याकडचं नाही, तर एका संस्थेचं अख्खं वर्ष वाचलं असतं.

अर्जात उद्देश काय लिहायचा हेही महत्त्वाचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ मध्ये आत जायचा परवाना कशासाठी मिळतो ते दिलेलं आहे, अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, पर्यटन असं. त्यात चॅरिटी हा शब्द नाही. निधी संकलन रॅली असं लिहिलं की साहेब कुठल्या रकान्यात बसवायचं म्हणून फाईल बाजूला ठेवतात. निसर्ग पर्यटन आणि वन्यजीव अभ्यास असं स्पष्ट लिहा, निधीचं वेगळ्या पत्रात लिहा. चूल पेटवणार नाही, कचरा टाकणार नाही हे हमीत येऊ द्या, या दोन्ही गोष्टी कायद्यातच आहेत. कोयता, सुरी सोबत नको, शस्त्राच्या व्याख्येत सुरी पण येते. जमलेल्या पैशातून आपणच आत पाणवठा खोदू असं लिहू नका, अभयारण्यात पाण्याचा प्रवाह अडवायला किंवा वळवायला कलम २९ खाली वेगळी परवानगी लागते, कितीही चांगल्या हेतूनं असलं तरी. काम वनविभाग सांगेल तिथं आणि सांगेल तसं. आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणं ट्रेक घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. जाणाऱ्यांनीही आयोजकाला हा नोंदणी क्रमांक आणि विम्याची प्रत मागावी. देत नसेल तर त्याच्यासोबत जंगलात जाऊ नका.

अर्ज नामंजूर झाला तर मेसेजमध्ये कारण दिलेलं असतं, ते आधी शांतपणे वाचा. कागद अपुरा असं असेल तर यादी जायच्या तारखेपर्यंत तो परत देता येतो, नवीन फॉर्म भरायचा नाही, जुन्याच क्रमांकावर पाठवायचा. नवीन भरला की दोन अर्ज दिसतात आणि निधी एका क्रमांकावर, कागद दुसऱ्यावर असा घोळ होतो. वैद्यकीय कारणानं नाकारलं तर सहभाग शुल्क परत मिळतं, पण लोकांनी दिलेला निधी परत मिळत नाही, तो पाणवठ्यांच्या कामाला जातो. हे पैसे मागायला जाताना प्रत्येकाला आधीच सांगा, आणि ज्यांना पटत नाही त्यांच्याकडून घेऊ नका.