एचडी डीटीएच जोडणी

उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या हाय डेफिनिशन, म्हणजेच एचडी वाहिन्या पाहण्यासाठी लागणाऱ्या उपकरणांची साखळी. छतावरची डिश (बोलीत ‘छत्री’), तिच्या दांड्यावरचा एलएनबी (सिग्नल झेलणारी छोटी डबी), तिथून खाली येणारी वायर, एचडी सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय केबल आणि टीव्ही एवढ्या वस्तू तिच्यात येतात. पहिल्या तीन वस्तू साध्या म्हणजे एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन) जोडणीतही बहुधा त्याच असतात. एचडीसाठी मोठी छत्री लागते हा समज बराच पसरलेला असला तरी चुकीचा आहे. खरा फरक बॉक्सपासून पुढे पडतो.

भारतात डीटीएच सेवेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये मान्यता दिली. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची मोफत डीडी डायरेक्ट प्लस (आताची डीडी फ्री डिश) आणि २००६ मध्ये टाटा स्काय (२०२२ पासून टाटा प्ले) सुरू झाली. एचडी २०१० च्या सुमारास आले. त्या वर्षीच्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी आवृत्त्या मात्र २०१६ मध्ये निघाल्या. तोवर मराठी घरात एचडी बॉक्स आला तर तो बहुतेक क्रिकेटसाठीच, मालिकांसाठी नव्हे.

एसडी चित्रात ७२० × ५७६ बिंदू असतात, तर पूर्ण एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे पाचपट. इतकी माहिती उपग्रहाच्या मर्यादित पट्ट्यात बसवायची तर ती अधिक दाबावी लागते आणि पाठवण्याची पद्धतही सुधारावी लागते. म्हणून एचडी वाहिन्या एमपीईजी-४ संकोचनात आणि बहुधा डीव्हीबी-एस२ पद्धतीने येतात. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सला हे चित्र उलगडताच येत नाही. बॉक्स बदलण्याचे कारण एवढेच.

डिश आणि तिची दिशा

डीटीएचची डिश साधारण ६० सेंमी व्यासाची असते. ती ज्या उपग्रहांकडे पाहते ते विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमी उंचीवर, जमिनीवरून स्थिर भासतात. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. जून २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ त्यांपैकीच. डीडी फ्री डिशसाठी ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१५ वापरतात, एअरटेलसाठी १०८.२ अंशांवरचा एसईएस-७. मुंबई ७३ अंशांजवळ असल्याने हे सगळेच उपग्रह तिथून आग्नेयेच्या बाजूला पडतात. ८३ अंशांचा उपग्रह मुंबईच्या क्षितिजापासून जवळपास ६५ अंश वर, दक्षिणेकडे झुकलेला, १०८.२ अंशांचा जेमतेम ४४ अंश वर आणि बराच पूर्वेकडे. त्यामुळे टॉवरांच्या गर्दीत एका कंपनीचा सिग्नल मिळतो आणि दुसरीच्या आड शेजारची इमारत येते, असे होऊ शकते. ज्या घराच्या खिडक्या फक्त उत्तरेला किंवा पश्चिमेला आहेत, त्याला ग्रिलवर डिश लावून उपयोग नाही. गच्चीच गाठावी लागते आणि ती गाठायची तर सोसायटीची परवानगी आली.

डिशचा तोंडवळा फसवा असतो. एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूने पुढे आलेला असल्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच वर रोखलेली असते. समोरचे झाड आड येते की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवताना त्यामुळेच अनेकांचा अंदाज चुकतो.

एलएनबी आणि वायर

डीटीएचचे प्रक्षेपण केयू पट्ट्यात, सुमारे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर येते. एवढ्या उच्च कंप्रतेचा सिग्नल वायरीतून नेला तर वाटेतच विरेल. म्हणून एलएनबी तो वाढवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो. त्याला वीज बॉक्सकडूनच, त्याच वायरीतून जाते आणि त्या विजेतच आज्ञाही असते: १३ व्होल्ट म्हणजे उभे ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा), १८ व्होल्ट म्हणजे आडवे. केयू पट्ट्याचा वरचा भाग हवा असेल तर २२ किलोहर्ट्झचा सूर सोबत जातो. दोन टीव्हींसाठी एक साधा स्प्लिटर लावून का भागत नाही, याचे उत्तर इथे आहे. दोन बॉक्सनी एकाच वेळी वेगवेगळ्या आज्ञा दिल्या तर एलएनबी एकाचेच ऐकणार. त्यासाठी दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर, किंवा मोठ्या इमारतीत मल्टिस्विच (एका डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारे उपकरण) लागतो.

वायर ७५ ओमची आरजी-६ असावी. लांबी वाढली की सिग्नल घटतो, आणि कंप्रता जास्त तितकी घट जास्त. त्यामुळे कधी कधी काही वाहिन्या दिसतात आणि नेमक्या काही अडकतात. कोकणात खरा शत्रू पाणी. वायरीच्या टोकाचा एफ कनेक्टर उघडा राहिला तर पहिल्याच पावसात तो आतून गंजतो. रबरी टोपी किंवा चिकटपट्टी यांवर वाचवलेले पैसे कारागिराच्या दुसऱ्या फेरीत जातात.

बॉक्स ते टीव्ही

सगळी साखळी बरोबर असून एचडी न दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण टीव्हीच्या पाठीमागे असते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए वायर फक्त एसडी चित्र नेऊ शकते. एचडी बॉक्स घेतला, एचडी पॅकचे पैसे भरले, पण जुनी पिवळी पिन तशीच ठेवली, तर पडद्यावर येते ते एसडीच. वाहिनीच्या नावापुढे एचडी लिहिलेले दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज दोन्ही अंकीय रूपात नेते. बॉक्स आणि टीव्ही एचडीसीपी नावाच्या नक्कलरोधक संकेताने एकमेकांना ओळखही त्याच केबलमधून पटवतात. ही ओळख पटली नाही तर पडदा काळा राहतो. केबल महाग असण्याची गरज नाही. दोन मीटरपर्यंत साधी, चांगल्या जोडाची केबल पुरते, आणि सोन्याचा मुलामा दाखवून विकल्या जाणाऱ्या केबलीने चित्र अधिक स्पष्ट होत नाही.

केबल बदलल्यावरही बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय (पूर्ण एचडी चित्राचा पर्याय) निवडले आहे का ते पाहावे लागते. टीव्हीवर ‘एचडी रेडी’ लिहिले असेल तर पडद्यात बहुधा १३६६ × ७६८ बिंदू असतात. १९२० × १०८० बिंदू दाखवायला ‘फुल एचडी’ हवा. बत्तीस इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहणाऱ्याला या दोहोंतला फरक क्वचितच जाणवेल. चाळीस इंचांपुढे मात्र एसडी चित्र डोळ्यांना खुपू लागते, आणि ४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणले की सगळ्यांचे चेहरे रुंद होतात.

सशुल्क सेवांचे प्रक्षेपण कुलूपबंद असते आणि किल्ली बॉक्समधल्या व्ह्यूइंग कार्डात किंवा चिपमध्ये असते. बॉक्स कंपन्यांमध्ये अदलाबदलीजोगा असावा अशी अपेक्षा २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून आहे, पण व्यवहारात कंपनी बदलली की जुना बॉक्स अडगळीत जातो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१७ च्या दरआदेशात वाहिन्यांची संख्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली गेली. शिवाय एचडी आवृत्तीचा दर वेगळा. म्हणून रिचार्ज करताना पॅकमध्ये एचडी वाहिनी खरोखर आहे का हे तपासणे भाग पडते.

व्यत्यय

केयू पट्ट्यातल्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. जोराची सर आली की चित्राचे चौकोन पडतात, मग पडदा गोठतो. एचडी आणि एसडी वाहिन्यांना हा नियम सारखाच असला तरी डीव्हीबी-एस२ मधल्या, जास्त माहिती दाटीने भरून पाठवलेल्या वाहिन्या आधी जातात. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात. त्यांतला दुसरा महत्त्वाचा. कोरड्या दिवशी तो काठावरच असेल तर जुलैत टीव्ही बंदच राहणार, आणि त्यावर उपाय नवा बॉक्स नसून डिश थोडी हलवून नीट रोखणे हा आहे. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो, तेव्हा दिवसा काही मिनिटे सिग्नल जातो. त्या वेळी काहीही दुरुस्त करू नये.