ध्वनीचा वेग आणि न्यूटनचा चुकलेला हिशेब

‘पदार्थ जितका दाट, तितका ध्वनी जलद’ हे वाक्य अनेकांच्या मनात शाळेपासून पक्के बसलेले असते आणि रेल्वेच्या रुळाला कान लावण्याचा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो. पण शिसे पोलादाच्या जवळपास दीडपट घनतेचे असूनही पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर, तर शिशात जेमतेम 2,200 मीटर जातो. उलट हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतक्या घनतेच्या हायड्रोजनमध्ये तो हवेतल्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने जातो.

ध्वनी म्हणजे माध्यमाच्या कणांचा पुढेमागे होणारा हेलकावा. एक थर दाबला जातो, पूर्ववत होताना तो पुढच्या थराला दाबतो आणि कण जागच्या जागी राहूनही दाब पुढे सरकत जातो. पूर्ववत होण्याचा जोर, म्हणजे स्थितिस्थापकता, जितकी जास्त तितका वेग वाढतो. घनता मात्र कणांना जड करून तो कमी करते. या दोहोंच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजे ध्वनीचा वेग. पोलाद जलद ठरते ते त्याच्या विलक्षण ताठपणामुळे.

माध्यमच नसेल तर ध्वनीही नाही. ‘सूर्यातून ओंकार ऐकू येतो’ म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या ध्वनिफिती त्यामुळेच दिशाभूल करतात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने कंप पावतो हे खरे आहे, परंतु ते कंपन निर्वात अवकाशातून आपल्या कानांपर्यंत येऊ शकत नाही. त्याच्या नोंदी हजारो पट वेगाने वाजवून तो आवाज तयार केलेला असतो.

स्थितिस्थापकता आणि घनता यांच्या गुणोत्तरावरून न्यूटनने 1687 साली ध्वनीचा हवेतला वेग काढला आणि तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी आला. दाबताना हवेचे तापमान बदलत नाही, असे त्याने धरले होते. वास्तविक सायकलच्या पंपात हवा तापते तशीच ती तरंगाच्या दाबल्या गेलेल्या भागात किंचित तापते आणि विरळ भागात थंड होते. या दोन भागांमधले अंतर इतके असते की तरंग पुढे सरकण्याआधी उष्णता एकातून दुसऱ्यात पोहोचूच शकत नाही. तापलेली हवा अधिक जोराने उसळते, म्हणजेच ती न्यूटनने मानली त्याहून ताठ असते, आणि हे 1816 साली फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने दाखवून दिले. हवेसाठी हा ताठपणा 1.4 पट होतो. त्याचे वर्गमूळ सुमारे 1.18. शून्य अंश सेल्सिअसला न्यूटनच्या सूत्राने येणाऱ्या 280 मीटरला त्याने गुणले की 331 मीटर मिळतात आणि प्रयोगातही तेवढेच येतात.