डिरेक्टरीच्या दारातला दुभाषा

ऑफिसच्या पोर्टलवर लॉगिन केलं की कोपऱ्यात नाव, हुद्दा, विभाग आपोआप उमटतो. ही माहिती पोर्टलची स्वतःची क्वचितच असते. ती येते डिरेक्टरीतून, म्हणजे संस्थेतल्या माणसांच्या नोंदवहीतून, आणि तीही बहुधा मध्ये बसवलेल्या एखाद्या वेब सर्व्हिसमार्फत, म्हणजे वेबवरून प्रश्न घेऊन उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत.

मुळात १९८८ साली सीसीआयटीटी आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांनी अशा डिरेक्टरीसाठी एक्स.५०० हे मानक आणलं. आधी देश, मग संस्था, मग विभाग, मग माणूस, अशी सगळ्या जगाची एकच वंशावळ मांडायची, असा बेत होता. पण तिला काही विचारायचं तर डॅप हा प्रोटोकॉल (संगणकांच्या संवादाचे नियम) हवा आणि त्याखाली ओएसआय या नेटवर्क-मानकाचे थरावर थर. तेव्हाच्या पीसीला हे ओझं झेपेना. मिशिगन विद्यापीठातल्या टिम होव्स यांनी सहकाऱ्यांसह तोडगा काढला : पीसीने टीसीपी या इंटरनेटच्या प्रोटोकॉलवरून छोटासा प्रश्न विचारायचा आणि मधल्या सर्व्हरने तो डॅपमध्ये सांगायचा. जुलै १९९३ मध्ये आरएफसी १४८७ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) प्रसिद्ध झालेला हाच एलडॅप, ‘लाइटवेट डिरेक्टरी अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल’. म्हणजे एलडॅप स्वतःच दुभाषा म्हणून जन्मला! (नावातलं ‘लाइटवेट’ डॅपच्या तुलनेत, नवख्याला त्याचे कंसात कंस असलेले फिल्टर, म्हणजे शोधाच्या अटी, दाखवून पाहा.) पुढे एलडॅप सर्व्हर स्वतःच नोंदी सांभाळू लागले, डिसेंबर १९९७ मध्ये तिसरी आवृत्ती आली, २००० साली मायक्रोसॉफ्टची, एलडॅप बोलणारी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. दुभाषाच घरमालक झाला.

मग वेबचा जमाना आला आणि मालकालाच दुभाषा लागला. फायरवॉल वेबची वाहतूक सोडत, एलडॅपचं ३८९ पोर्ट मात्र बाहेरच्यांना बंद. २००२ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेने डीएसएमएल या डिरेक्टरीच्या भाषेची दुसरी आवृत्ती मंजूर केली : एलडॅपच्याच क्रिया, पण एक्सएमएल या खुणांच्या मजकुरात, सोप या वेब सर्व्हिसच्या प्रोटोकॉलवरून. ती फारशी रुजली नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. कपडे बदलले तरी विचारणाऱ्याला आतली वंशावळ पाठ असावीच लागे.

शिबोलेथ या लॉगिनच्या सॉफ्टवेअरने प्रश्नच बदलला. ऑनलाइन जर्नल देणाऱ्या प्रकाशकाला वाचकाचं नाव कशाला हवं? तो विद्यापीठाचा आहे एवढं कळलं तरी पुरे. म्हणून प्रकाशकाचा सर्व्हर सॅमल या ओळख कळवण्याच्या मानकातून विद्यापीठाकडे वाचकाचे गुणधर्म मागायचा आणि कोणते द्यायचे हे विद्यापीठ ठरवायचं. आपल्याकडे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची इन्फेड ही सामायिक लॉगिनची सोय याच शिबोलेथवर उभी राहिली. वेब सर्व्हिस मध्ये घालण्याचं खरं कारण मला इथे दिसतं : ती भाषांतर तर करतेच, पण काय सांगायचं नाही हेही तिला ठाऊक असतं.

सप्टेंबर २०१५ मधल्या आरएफसी ७६४३ आणि ७६४४ या स्किमच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या नोंदी वेबवरून हाताळण्याच्या, मानकांत एक्सएमएलच्या जागी जेसन हा सुटसुटीत मजकूर आणि रेस्ट ही साध्या वेब-पत्त्यांची पद्धत आली. हवे तेवढेच गुणधर्म यूआरएलमध्ये मागता येतात. मात्र आत जुना एलडॅप असेल तर त्याच्या कुरबुरीही सोबत येतात. स्किममध्ये अनेक ईमेलपैकी मुख्य कोणता यावर खूण करता येते. एलडॅपच्या ‘मेल’मध्ये मात्र कितीही पत्ते बसतात आणि त्यांना क्रमच नसतो, मुख्य कोणता, हे दुभाषानेच ठरवायचं.